अर्ध्या जोडीचे मामाजी

निवडणुकीत हरलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण हार मुरांब्यासारखी बरणीत भरून, रोज झाकण उघडून चाखणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज, म्हणजे मामाजींखेरीज, दुसरा जन्मला नाही. बरं, हे स्वतः उभे नव्हतेच. ग्रामपंचायतीला यांचा पॅनल उभा होता. जे उभे होते ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीन फवारायला गेले. मामाजी मात्र घोंगडं पांघरून पडले.

त्यांचं गाव दिग्रसजवळ. मी दारव्ह्याला नोकरीला, दर रविवारी एसटीने तिकडे जायचो आणि डोकं धरून परत यायचो. मी आमच्या खानदानातला पहिला पदवीधर. बाप सही शिकला तोच मुळी माझ्या कॉलेजच्या अर्जावर करायला. लोकशाही मी चार जणांना समजावून सांगू शकतो. मामाजी पाचवे. विजयी पॅनलची मिरवणूक दारावरून गेली तेव्हा गुलाल उडाला आणि त्यांची पांढरी कोंबडी गुलाबी झाली. त्या दिवसापासून तिची अंडी त्यांनी वर्ज्य केली. "हे त्याइच्यात गेली," म्हणाले. नव्या सरपंचाने गल्लीतला बंद दिवा सुरू केला, तर हे लख्ख उजेडात स्वतःची बॅटरी पेटवून चालायचे. मी म्हटलं, "मामाजी, दिवा तर सगळ्यांचा आहे." तर म्हणाले, "जवाईबापू, तुमी शिकले-सवरले, पन तुमाले राजकारन समजत नाही. मी त्याइच्या उजेडात चालत नाही." पाऊस आला तेव्हासुद्धा तो आधी कोणाच्या वावरात पडला, याची चौकशी झाली.

इथवर हसून सोडता आलं असतं. पण मामाजींकडे बैल एकच, लाल्या. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेजाऱ्याकडेही एकच, चांद्या. दोघांची मिळून एक जोडी. आज याचं वावर, उद्या त्याचं. मी या घरचा जावई झालो त्याच्या आधीपासून हे असंच चालत आलेलं. आणि शेजारी निघाला दुसऱ्या पॅनलचा! त्याने दारोदार मतं मागितली, मामाजींच्या दारातही मागितली. झालं. मामाजींनी जोडी मोडली. ऐन डवरणीच्या, म्हणजे बैलांनी पिकातलं तण काढायच्या दिवसांत लाल्या इकडे रवंथ करतो, चांद्या तिकडे, आणि दोन्ही वावरांत कपाशीची पऱ्हाटी तणात बुडते आहे. भाड्याने बैल आणावेत, तर भाड्याने देणारा विजयी पॅनलचा. ट्रॅक्टरवाला तर उपसरपंचच. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, बिचाऱ्या विळा घेऊन निंदायला वाकलेल्या. संध्याकाळी घरी येऊन कंबर धरून त्या एवढंच बोलल्या, "सरपंच कोनीबी होवो, तन मलेच निंदा लागते." बी.ए.ला मला असं एक वाक्य कोणी शिकवलं नाही. मामाजी ते ऐकून कुशीवर वळले.

पोळा आला. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात ना. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या होतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी गाणी. गावातली पहिली झडती मामाजींची, हा रिवाज. मला वाटलं, यंदा घरीच बसतील. पण लाल्याला झूल घालून निघाले. तोरणाखाली सगळ्या जोड्या. एका टोकाला एकटा लाल्या, दुसऱ्या टोकाला एकटा चांद्या. झडती म्हणेना कोणी.

मामाजी शेजाऱ्याचा बैल कसा सजलाय ते नाक मुरडायला म्हणून तिकडे गेले आणि एकदम ओरडले, "अबे, याचा खांदा कोरडा काहून? कोन मळला याचा खांदा?"

शेजारी शांतपणे म्हणाला, "कोन मळन? दरसाल तूच मळते."

"मी नाही आलो त तुले हात नोयते का?"

"हात होते. पन तो मले हात लावू देत नाही, भाऊ. तुह्याच हाताची सवय."

"लबाड! मतंबी असेच मागतले तुनं!" मामाजींनी मामींकडून लोण्याची वाटी मागवली. मामींनी ती पदराखालूनच काढली. सगळं गाव ताटकळत असताना मामाजी चांद्याचा खांदा मळत राहिले आणि मळता मळता शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. मग लाल्याला ओढत आणून चांद्याच्या उजव्या अंगाला उभं केलं आणि आवाज लावला:

"पॅनल आला वाजत गाजत,
नालीचं पानी घरात साचत,
सरपंच बसला फोटो काढत,
हर बोला हर हर महादेव!"

सगळ्यात मोठ्याने शेजारी हसला. सरपंचही हसला, त्याला हसावंच लागलं.

आमच्या ऑफिसात अशाच एका निकालापासून दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. चांगली शिकलेली माणसं आहेत. मला कधी कधी वाटतं, त्यांच्यात एखादा बैल अर्धा-अर्धा असायला हवा होता. आणि गावातही आता असे बैल किती दिवस उरणार, कोण जाणे.

घरी परतताना अंधारून आलं होतं. गल्लीतला दिवा लागलेला. मामाजींनी बॅटरी काढली आणि पेटवलीच. मी कपाळावर हात मारणार होतो. पण पाहिलं, त्यांनी ती स्वतःच्या पायापुढे नाही, मागून जोडी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याच्या पायापुढे धरली होती. "पाहून चाल," म्हणाले. "तुमच्या दिव्याचा काय भरोसा! आन सकाळी लवकर ये. आधी तुह्यं वावर डवरू."