फळ्यावरचं नाव

परळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सभागृह आहे. त्याच्या दारातल्या फळ्यावर येत्या आठवड्याचे कार्यक्रम खडूने लिहिणाऱ्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं तुटक, मालवणी. कलाकाराचं नाव लिहिताना ते चपला काढून ठेवतात, आणि कार्यक्रम होईपर्यंत ते नाव पुसत नाहीत. कोणी काही म्हटलं तर, "होवंदे आधी, मगे पुसतंय."

मागे एकदा शनिवारी गाणाऱ्या बाई गुरुवारीच वारल्या. नाव तसंच राहिलं. मी चिडलोच. "काका, लोक उगाच येतील ना!"

"येवंदेत. मी हंय आसंय."

शनिवारी संध्याकाळी ते फळ्याखाली उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होते, "बाई गेल्या. पण आजची वेळ त्यांचीच. बसायचं तर बसा."

आत दिवे लावलेले होते आणि मंचावर रिकामी सतरंजी. आम्ही काहीजण बसलो. काकाही आत येऊन मागे बसले. गाणं संपलं असतं त्या सुमाराला ते उठले, बाहेर गेले, चपला काढल्या आणि ओल्या फडक्याने नाव सावकाश पुसलं.

"झालो कार्यक्रम," म्हणाले.