बाटलीतलं पाणी

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. देवापुढे बसूनही नाही. मग तुम्हाला का सांगते? ठाऊक नाही. चौथी शिकलेली बाई मी, चारचौघांत बोलायची सवय नाही. कागदावर तरी जमतं का पाहते.

मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. खालच्या आळीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. गरोदर बायकांचे पाय सुजतात, काहींना पुढे झटके येतात, पोर जातं, कधी आईही जाते — हे आधी कळेल का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. मी विधवा, दादाच्या घरी राहणारी. बायकांना बोलावून आणायला, नळ्या धुवायला त्यांनी मला घेतलं. बायकांची — लिहितानाही हात थांबतो — लघवी त्या काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायच्या. दूध नासल्यासारखी पांढरी झाली की मीठ बंद, काम बंद, बाईनं पडून राहायचं. हे मला त्यांनी स्वतः दाखवलं होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

वहिनीला सातवा लागला होता. मालगुंडची ती, हसरी, कामाला वाघीण. दादा मुंबईला नोकरीला. तिचे पाय सुजले, जोडवी रुतायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळचं पहिलं पाणी घेऊन ये." वहिनीनं लाजत बाटली भरून दिली. मी ती पदराखाली धरून निघाले.

आणि वाटेत शेजारच्या काकू.

"काय गो, काय नेतेस लपवून?"

काय सांगणार होते मी? भर रस्त्यात? तोंडाला येईल ते बोलले — "गोमूत्र."

"अगो, बरी सापडलीस! सुनेचं सोयर फिटतंय आज, घर शिंपडायचंय. आण इकडे."

त्यांनी हात पुढे केला. ती बाटली त्यांच्या देवघरात जाणार? बूच काढताना हात निसटल्यासारखं केलं आणि सगळं गडग्याच्या दगडांवर ओतलं.

"हात आहेत की लाकडं! वेंधळी मेली!" काकू ओरडल्या.

परत घरी जाता आलं असतं. वहिनीनं पुन्हा दिलं असतं, एक शब्द न बोलता. पण पुन्हा काकूंच्या दारावरून जायचं, पुन्हा ती बाटली घेऊन? मी तशीच पुढे गेले. डॉक्टरीणबाईंच्या परसात केळीच्या आड गेले, आणि बाटली — मी भरली. माझी.

कळलं ना तुम्हाला?

मी समोर उभी होते. नळी तापली, उकळली. स्वच्छ. "छान," बाई म्हणाल्या, "वहिनीला सांग, काळजी नको. नेहमीसारखं खा, नेहमीसारखं वाग." मी घरी येऊन तसंच सांगितलं. वहिनीला किती आनंद झाला! त्या दुपारी तिनं मऊभाताबरोबर मिठातली कैरी मागून खाल्ली. मीच वाढली.

त्याच आठवड्यात विहिरीवर तिला झटके आले. डॉक्टरीणबाई धावत आल्या. वहिनी वाचली. मुलगी मेलेली जन्मली. पुढे वहिनीला मूल झालं नाही.

बाईंनी तेव्हा पुन्हा तपासलं, तर नळीत पांढरं दाटून बसलं. त्या माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशीचं पाणी वहिनीचंच होतं ना?"

"हो."

त्यांनी विश्वास ठेवला. मग त्यांना वाटू लागलं, हा विकार चार दिवसांत, काही सूचना न देता येतो. आठवड्याची तपासणी पुरायची नाही. त्या बायकांना रोज पाणी आणायला सांगू लागल्या. रोज कोण आणणार? सासवा चिडल्या, नवरे चिडले, एकेक बाई यायची बंद झाली. त्यांतल्या कुणाचं पुढे काय झालं? मी विचारलं नाही. अजूनही एखादी ओळखीची दिसली की मी रस्ता बदलते.

घाबरून खोटं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण बाई मुंबईला परत निघाल्या, तेव्हा मी बंदरावर पोचवायला गेले होते. तिथे त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मनात काही असेल तर सांग. मी रागावणार नाही, वहिनीलाही कळणार नाही. मला फक्त माझं कुठे चुकलं ते कळायला हवं." माझा हात त्यांनी हातात धरला होता. मला त्या वेळी भीती वाटत नव्हती. खरंच नव्हती.

"काही नाही बाई," मी म्हटलं.

बोट लांब खोल पाण्यात उभी होती, तिच्यापर्यंत माणसं नेणारा पडाव सुटायला अजून वेळ होता. मी त्यांची वळकटी खलाशाच्या हाती दिली आणि पदर सावरून बाजूला उभी राहिले.