घरात वाट करताना

जुन्या लाकडी सामानाचा धंदा करता करता त्यांना कपाटशेठ हे नाव पडलं, आणि इतकं घट्ट बसलं की चर्चमधली मंडळीही त्याच नावाने हाक मारू लागली. कुणाचे आईवडील गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, की शेठना बोलावणं यायचं. ते दारातूनच नजर फिरवायचे आणि तोंड वाकडं करून चार दोष काढायचे. समोरची माणसं रडून थकलेली, घाईत असलेली. मिळेल त्यात सुटका करून घ्यायची. शेठ याला लबाडी म्हणत नसत, धंदा म्हणत.

बरंचसं सामान दुकानात विकलं जाई. उत्तम वस्तू मात्र त्यांच्याच्याने विकवत नसे. "याच्या तोलाचं गिऱ्हाईक अजून आलं नाही," असं म्हणत ते ती घरी आणायचे. पोट भरतं, पण डोळे भरत नाहीत, त्यातली गत. दोन खोल्यांत कपाटं, कपाटांवर टेबलं, टेबलांवर उलट्या खुर्च्या. आतल्या खोलीत जायचं तर पोट आत ओढून आडवं चालावं लागे. बायको म्हणायची, "घरात इतकी कपाटं, आणि माझे कपडे दोरीवर!" शेठ हसायचे. सुरुवातीची काही वर्षं तीही हसायची.

एका रविवारी उपासनेहून आल्यावर ती आतल्या खोलीत कोसळली. डावं अंग लुळं पडलं, शब्द फुटेना. दवाखान्याची गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत जिना चढली आणि दारातच अडली.

"काका, हे कपाट हलवा ना!"

शेठनी खांदा लावला. सागवानी, वर गच्च भरलेलं. तसूभर हललं नाही.

"राहू द्या आता," म्हणत त्या दोघांनी तिला चादरीत घेतलं. कधी आडवी, कधी तिरकी करत, कोपऱ्याकोपऱ्यावर पाय आपटत, गोणी काढावी तशी तिला बाहेर काढलं. शेठ मागेच राहिले. त्यांना मदतीला पुढे जायलाही जागा नव्हती.

ती वाचली. पण आता चाकांच्या खुर्चीवाचून गत्यंतर नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. तुमच्या घरात ती खुर्ची शिरायची नाही." तिने आवाजही चढवला नाही. चार शब्द सुनावले असते तर शेठना बरं वाटलं असतं.

चर्चचे पाळक भेटायला आले. बसायला जागा शोधली, सापडली नाही, तसे उभेच राहिले.

"पाळकसाहेब, प्रार्थना करा. माझी हाव जाऊ दे."

"करू की," पाळक बाह्या सरसावत म्हणाले. "आधी या टेबलाचं दुसरं टोक धरा."

ते टेबल मंडळीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलं. मग एकेक वस्तू कुणाकुणाकडे जाऊ लागली. शेठना वाटलं होतं, देव एका झटक्यात मन पालटून टाकील आणि मग हलकं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. प्रत्येक वस्तूपाशी जीव तुटायचा. एक आरशाचं कपाट तर त्यांनी अर्ध्या जिन्यातून परत वर आणायला लावलं. हमाल शिव्या घालत वर आले. दुसऱ्या दिवशी शेठनी मान खाली घालून त्यांनाच पुन्हा बोलावलं. कंबर गेली, झोप उडाली, आणि प्रार्थनेत म्हणायला एकच वाक्य उरलं, "प्रभू, मी दमलो."

घर मोकळं झालं, तशी बायको परत आली. एकेक शब्द जुळवत बोलायची.

मग पुन्हा एक बोलावणं आलं. एका तरुणीची आई वारली होती, घर रिकामं करायचं होतं. खिडकीपाशी शिसवी लिखाणाचं मेज होतं. ते पाहताच शेठची जीभ आपोआप बोलून गेली, "जोड खिळखिळे झालेत, ताई. फारसं काही येणार नाही."

"न्या मग. मला आता बघवत नाही ते."

शेठ हमाल आणायला खाली उतरले. रस्त्यावर बराच वेळ उभे राहिले. मग गुडघे धरत पुन्हा वर चढले.

"ताई, मी खोटं बोललो. जोड पक्के आहेत. मेज फार चांगलं आहे. आज विकू नका. मन थाऱ्यावर आलं की आणखी दोघांना दाखवा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

शेठ हात जोडून जिना उतरले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अजून... हवंसं वाटतंय?" तिने विचारलं.

"वाटतंय गं. आत्ता कुणी आणून दिलं, तर नाही म्हणवणार नाही."

तिने उजवा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "आधी... जेवून घ्या."

शेठ उठले आणि दोघांची ताटं वाढायला लागले.