पिस्ता रंगाची जाळी

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात एका कापड दुकानाच्या माडीवर पल्लवीचं ऑफिस आहे. भोपाळला आर्किटेक्चर शिकून ती बुऱ्हाणपूरला परत आली तेव्हा लोकांना वाटलं, पोरगी फार तर नकाशे पास करून देईल. आता तिचं नाव पार खकनारपर्यंत माहीत आहे, आणि नावाबरोबर तिची एक खोडही. घर बांधून झालं की ती त्याचा एकही फोटो काढत नाही. वास्तुशांतीला येते, पोटभर जेवते आणि निघून जाते. मग वर्षभराने कॅमेरा घेऊन दारात उभी राहते.

ही खोड तिला लागली पहिल्याच घरापासून. ते घर कविताबाई नावाच्या एका शिक्षिकेचं होतं. पल्लवीने मोठ्या हौसेने इंदूरहून फोटोग्राफर बोलावला. त्याने चपला, बादल्या, कॅलेंडर सगळं बाहेर काढलं आणि कुठून तरी आणलेली पांढरी फुलदाणी मधोमध ठेवली. फोटो देखणे आले. कविताबाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "छान आहे गं. कुणाचं घर?"

पल्लवी तेव्हा हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून कॅमेरा तिने स्वतःच्या हातात घेतला. आधी ती घरात नुसती बसते. ऊन कुठून येतं, घरातली माणसं कुठे टेकतात, वाळवण कुठल्या कोपऱ्यात पडतं, हे बघते. आपण ज्या बैठकीत जीव ओतला तिथे कुणी फिरकत नाही, हेही तिला अशाच एका घरात कळलं. तिने त्या रिकाम्या बैठकीचाही फोटो काढला. "घर तुमचं," ती सगळ्यांना सांगते, "तुम्ही त्याचं जे कराल, तेच मी टिपणार."

गेल्या थंडीत ती दापोऱ्याला गेली. तिथे दगाभाऊ आणि धुरपदाबाई या जोडप्याचं घर तिने बांधलं होतं. केळीच्या बागेला लागून लांब ओटा, आणि ओट्याच्या पश्चिमेला उघड्या विटांची जाळी. उन्हाळ्यात तिकडचा वारा नुसता भाजून काढतो, तो जाळीतून जरा मवाळ होऊन आत यावा, असा तिचा हिशेब. त्या विटांसाठी ती स्वतः भट्टीवर गेली होती, आणि जाळी रचताना उन्हात उभी राहिली होती. इंदूरला आर्किटेक्ट लोकांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे याच जाळीचा फोटो लावायचा, असं तिने ठरवलं होतं. तसं तिने धुरपदाबाईंना फोनवर सांगितलंही.

दुपारी ती पोचली तर ओटा अगदी रिकामा. खाट नाही, डबे नाहीत, कोंबड्यांचा डालासुद्धा नाही. सगळं शेजारच्या गोदाबाईंकडे हलवलं होतं. घरची माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून उभी. आणि जाळी पिस्ता रंगाच्या ऑइल पेंटने चकाचक रंगवलेली.

"इंदूरले फोटो लागणार म्हणे," धुरपदाबाई खुशीत म्हणाल्या. "मंग असं लाल, उघडं कसं दाखवावं लोकायले? येणारा-जाणारा इचारते, प्लास्टर राह्यलं का. म्या ह्यायले म्हटलं, रंगवूनच टाका."

दगाभाऊंच्या नखांत अजून पिस्ता रंग होता.

'तुम्ही जे कराल तेच टिपणार' हे म्हणणं पल्लवीला आजवर फार सोपं गेलं होतं. "पाणी द्या मावशी," एवढंच बोलून ती ओट्यावर बसली.

धुरपदाबाईंची सून भूमिका पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, "दीदी, बुरा लगा क्या? मी आईंना बोलली होती, पहिले दीदींना पूछ लो."

"बसू दे मला जरा," पल्लवी म्हणाली.

ती बसून राहिली. ऊन उतरायला लागलं, तसं ते जाळीच्या भोकाभोकांतून आत शिरलं. चकचकीत रंगावरून घसरून ते फरशीवर आलं, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर चढलं, आणि सगळा ओटा फिकट हिरवा झाला. पाण्याचा पेला हिरवा, भूमिकेची पिवळी साडीही हिरवट. भर केळीत शिरल्यावर पानांतून जसा उजेड गळतो, तसा.

धुरपदाबाई दारातच थांबल्या. "व माय," त्या म्हणाल्या, "बागेत बसल्यावानी वाटून राह्यलं."

पल्लवीला हसू आवरेना. एवढा विचार करून आपल्याला हे सुचलं नसतं, हे तिला लख्ख दिसत होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. तिने पिशवीतून कॅमेरा काढला. "मावशी, सामान परत आणा."

"तो पसारा?"

"तोच."

धुरपदाबाई सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. आधी रिकाम्या ओट्यावर सगळ्यांचा एक सरळ उभा फोटो, मग सामान, असा सौदा ठरला. दगाभाऊंनी फोटोपुरता श्वास रोखून धरला. मग गोदाबाईंसकट सगळे सामान वाहायला लागले. खाट आली, कोंबड्या आल्या. धुरपदाबाई जाळीच्या भोकांत एकेक वस्तू तिच्या तिच्या जागी ठेवू लागल्या: फणी, किल्ल्या, दातवण, लसणाची जुडी, छोटा आरसा.

पल्लवी बघत राहिली. "मावशी, हे सगळं जाळीतच ठेवता?"

"मंग भोकं कशाले ठेवली तुनं?" धुरपदाबाईंना खरोखरच नवल वाटलं.

ऊन मावळेपर्यंत पल्लवी फोटो काढत होती.

इंदूरच्या प्रदर्शनात तिने त्यातला एकच मोठा करून लावला. त्यात जरीच्या साडीतल्या धुरपदाबाई कोंबड्या हाकलताहेत आणि पाठीमागे हिरवा उजेड आहे. खालच्या पाटीवर लिहिलं होतं: बांधणी पल्लवी, रंग धुरपदाबाई. एका बुजुर्ग आर्किटेक्टने जवळ जाऊन तो बराच वेळ पाहिला आणि रंगाची कल्पना कशी सुचली ते विचारलं. "धुरपदाबाई उद्या येताहेत, त्यांनाच विचारा," पल्लवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दापोऱ्याची मंडळी जीप करून आली. येताना मावा जिलेबीचा मोठा पुडा आणला होता, तो पहारेकऱ्यापासून सगळ्यांना वाटला गेला. मग धुरपदाबाई फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या त्या तिथून हलेचनात. जो येईल त्याला बोटाने दाखवून सांगत होत्या, इथं सांजचं ऊन येते, इथं हे जेवतात. शेवटी त्यांचं बोट चौकटीच्या बाहेर, कोऱ्या भिंतीवर गेलं.

"आन् इकडे, पाहा, हौद आहे," त्या एका अनोळखी बाईला सांगत होत्या. "याच्यात नाही आला. तो पाहाले तुमाले घरीच या लागन."

ती बाई पत्ता विचारू लागली आणि भूमिका तो लिहून द्यायला पेन शोधू लागली.