कणगीतली सतार

मी मास्तरांची सतार भाताच्या कणगीत पुरून ठेवली. झाकून नव्हे, पुरून. वरचं भात हाताने सारखं केलं आणि मोठं पुण्य पदरी पडल्यासारखा मामाच्या ओसरीवर चहा पीत बसलो.

ही अक्कल मला कुठून आली हे सांगायचं तर आधी मास्तर सांगायला हवेत.

लोणावळ्यात त्या काळी आमच्या ओळखीचे दोन मास्तर. एक स्टेशनचे, त्यांच्या हाताखाली मी तिकीटखिडकीत बसत असे. दुसरे शाळेतले ड्रॉइंग मास्तर, पेन्शनीत निघालेले, आमच्या चाळीच्या टोकाच्या खोलीत एकटे राहणारे. मी सांगतोय ते हे दुसरे. त्यांच्याकडे कुणीही गेलं, अगदी दूधवाला गेला, तरी ते मांडीवरची सतार उचलून समोरच्याच्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "घ्या. छेडा." समोरचा दचकून हात मागे घेई. "अहो, चावत नाही ती. छेडा!"

आणि सतार कसली, तर खास मिरजेची. भोपळ्यावर हस्तिदंती वेल, खुंट्यांवर कोरीव फुलं. कुठल्याशा संस्थानात राजवाड्याच्या भिंती रंगवून दिल्या तेव्हा राजेसाहेबांनी खूश होऊन दिलेली. दुसऱ्या कुणाकडे असती तर दसऱ्याला दर्शनाला काढली असती. मास्तरांकडे तिच्या दांडीवर निळ्या रंगाचा अख्खा अंगठा उमटलेला होता, आणि हस्तिदंताच्या वेलीला चहाचा रंग चढला होता. मी एकदा न राहवून म्हणालो, "मास्तर, जरा जपा हो."

"जपतोच की," मास्तर म्हणाले. "रोज दोन तास."

मास्तर एकेकाळी गात. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांना बोलताना ऐकलं असेल त्यांना हे खरं वाटणार नाही, कारण दम्याने त्यांचा गळा पार नेला होता. एका वाक्यात दोनदा थांबत. सतारीकडे बोट दाखवून म्हणायचे, "आता माझ्या वतीनं हीच बोलते." हसत म्हणायचे, पण त्यावर कुणी हसत नसे.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात धडधाकट माणसाचाही श्वास ओला होतो. म्हणून आषाढाच्या आत मास्तर बारामतीला बहिणीकडे जात, तिकडची हवा कोरडी. दसऱ्याच्या सुमाराला परत. सतार मात्र बरोबर नेत नसत. मेव्हण्यांना तारेचा आवाज म्हणजे दाढदुखी. मग दरसाल ती कुणाकडे तरी ठेवायची, आणि अट एकच: "रोज वाजवायची. येत नसेल तर येत नाही तशी वाजवायची."

एका साली ती एका शिंप्याकडे होती. कपडे वाळत नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, तेव्हा हा गडी दिवसभर तारा खाजवत बसे. एक तार तुटली तर पठ्ठ्याने काजाचा रेशमी दोरा ओवला. परत आल्यावर मास्तरांनी तो दोरा वाजवून पाहिला आणि शिंप्याला मिठी मारली.

त्याच्या पुढच्या साली माझी पाळी आली.

मी सतार भिंतीवर टांगली, तिच्या कापडी गवसणीवर आणखी एक धोतर गुंडाळलं आणि खालून जाताना मान वाकवून जाऊ लागलो. आमच्या घरातली मंडळी, म्हणजे बायको, मावळातलीच, भातशेतीवर वाढलेली. तिने एकदा सरळ गवसणीला हात घातला. मी विहिरीत पोर पडल्यासारखा ओरडलो.

"अवं, मास्तर वाजवा म्हनले व्हते."

"अगं, चरा पडला तर?"

"आधीच पडल्यात की ढीगभर."

"त्यात आपला नको!"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती भांडी घासायला गेली. पण भांड्यांचा आवाज त्या दिवशी जास्त आला.

पुढे पाऊस बसला. काड्यापेटी पेटेना, मिठाचं पाणी झालं, माझ्या पायताणावर बुरशीची पांढरी लव उगवली. एक दिवस गवसणीवरही तसलाच ठिपका दिसला आणि माझी झोप उडाली. मग मी विचार केला. साऱ्या मावळात या दिवसांत कोरडं काय राहतं? माणूस राहत नाही, जनावर राहत नाही, सरकारी कचेरीतला कागदसुद्धा राहत नाही. कोरडं राहतं ते कणगीतलं भात! शेणाने सारवलेली बांबूची कणगी, आत सोन्यासारखं कोरडं धान्य. मी स्वतःवरच खूश झालो.

टाकव्याला मामाचं घर. वडगावपर्यंत गाडी, पुढे चिखल. इरलं मी सतारीवर घातलं आणि आपण भिजत निघालो. वाटेत एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोरगं लय आजारी हाय व्हय?" मी म्हणालो, "नाही आबा, जपतोय नुसतं."

मामाने गवसणी चाचपली. "ह्यो काय, भोपळा आनलास? आरं, हितं भोपळ्याला तोटा हाय का?"

मी त्याला सगळं समजावलं आणि सतार आत पुरली. निघताना साऱ्या घरादाराला बजावलं, "कुणी हात लावायचा नाही हं!"

मी एकच गोष्ट विसरलो. भात खातात.

मावळात जन्मलो, भातावर वाढलो, आणि कणगीतलं भात पावसाळाभर रोज काढून कांडतात, शिजवतात, खातात, हे मला सुचू नये! मामाचं घर खाणारं. भात खाली खाली गेलं तशी सतार वर वर आली. आधी खुंट्या, मग दांडी, मग भोपळा. दसऱ्याच्या आधी मी आणायला गेलो तेव्हा ती रिकाम्या कणगीत एकटीच टेकून उभी होती आणि भोपळ्याला लिंबाएवढं भोक पडलं होतं. मी हात घालणार तोच मामी ओरडली, "आरं हळू! आत पिल्लं हायती."

उंदरीण व्याली होती. गवसणीची आणि माझ्या धोतराची छान गादी केली होती.

"मामा, लक्ष नाही का ठेवायचं?"

"तूच म्हनलास कुनी हात लावायचा न्हाई," मामा म्हणाला. "आमी न्हाई लावला. उंदरास्नी तू बोलला न्हाईस."

मास्तर आले ते नेमके खंडेनवमीला. सकाळी स्टेशनात आम्ही कंदिलांना, झेंड्यांना, तिकिटांच्या चिमट्याला फुलं वाहिली होती. त्यावरून मला आणखी एक अक्कल सुचली. घरी येऊन सतार पाटावर मांडली, भोक भिंतीकडे केलं आणि तिथवर पोचेल असा झेंडूचा जाड हार घातला.

मास्तर दारातूनच हात पुढे करून आले.

"आज नको, मास्तर," मी म्हणालो. "आज खंडेनवमी. पूजलेल्या हत्याराला आज हात लावू नये."

"बाबू, हे हत्यार नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हार काढून माझ्याच गळ्यात घातला. सतार मांडीवर घेतली. तशी भोकातून भाताची फोलपटं, कापसाचे बोळे आणि माझ्या धोतराच्या चिंध्या भळभळा त्यांच्या मांडीवर सांडल्या.

मी झेंडूचा हार घालून उभा. तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

मास्तरांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "किती होती?"

"काय?"

"पिल्लं."

"पाच-सहा असतील."

"जगली?"

"जगली. मामीनं टोपलीत काढून ठेवली."

"बरं झालं," म्हणाले, आणि नखी चढवून त्यांनी तार छेडली. पडसं झालेल्या माणसाने नाव सांगावं तसा आवाज आला. पुन्हा छेडली. पुन्हा तसाच. मास्तरांचा हात तारांवर तसाच राहिला. गळा गेला तेव्हा हा माणूस कसा दिसला असेल, ते मला त्या घटकेला दिसलं. हार काढायचंही मला भान राहिलं नाही.

मग त्यांनी वर पाहिलं. "बाबू, उंदरांनी निदान तिच्यात संसार केला. तुम्ही काय केलंत?" आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. शेवटी आमच्या मंडळींनी गरम पाणी आणून दिलं तेव्हा थांबले.

दिवाळीपर्यंत मास्तर भोपळ्याशी खटपट करत होते. दुसऱ्या भोपळ्याचा तुकडा कापून, घासून, सरसाने बसवला. ठिगळ काही लपलं नाही. मास्तरांनी लपवलंही नाही. उलट त्यावर मिशा फेंदारलेला एक उंदीर रंगवला. आवाज पहिल्यासारखा आला का? नाही. जरासा घोगरा आला. "माझ्यासारखाच आला," मास्तर म्हणाले, आणि त्यांना तो फार आवडला.

त्यानंतर त्यांनी आम्हा दोघांना शिकवायला घेतलं. माझी बोटं पहिल्याच दिवशी सोलून निघाली. मंडळींच्या बोटांकडे बघून मास्तर म्हणाले, "सूनबाई, हे घट्टे कशाचे?"

"लावनीचं, कापनीचं, जात्याचं. काय एक हाय?"

"मग अर्धं शिकून झालं."

पुढच्या पावसाळ्यात सतार त्यांनी माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता, तिच्या हवाली केली. भाकरी तव्यावर टाकून ती तेवढ्यात एक गत वाजवून घेई. पडद्यांत पीठ गेलं, दांडीला हळद लागली. शेजारपाजारच्या बाया येऊन हात चालवून बघत. दसऱ्याला मास्तरांनी ते पीठ बोटाने उकरून पाहिलं. "ज्वारी का बाजरी?" एवढंच विचारलं. असे काही पावसाळे गेले.

मग एका दसऱ्याला मास्तर आले नाहीत. थंडीत त्यांच्या बहीण, आक्का, आल्या. मास्तर भाद्रपदातच गेले होते. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून मखमलीची नवी गवसणी काढली, स्वतः शिवलेली. "दादाची एवढीच खूण राहिली," म्हणाल्या. "काचेच्या कपाटात ठेवीन. आमच्याकडे कुणी हातसुद्धा लावणार नाही."

मला कणगी दिसली. एकेकाळी हेच मी मान डोलावून ऐकलं असतं. पण आता ते ऐकवेना. नाही म्हणायचा मला हक्क काय? भावाची वस्तू बहिणीची. आमची मंडळी बाजारात गेलेली. मी म्हणालो, "आक्का, एकदा ऐका तर. रोज वाजते ती." आणि मीच मांडी ठोकून बसलो.

मास्तरांनी शिकवलेली गत मी वाजवली. सुरुवात झाली ती भलत्याच पडद्यावर, मधे नखी उडाली ती आक्कांच्या पदरात पडली. ती घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आक्का बसल्या होत्या ढिम्म.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन आमची मंडळी आली. तिने आक्कांना बघितलं, ती मखमल बघितली, आणि मी काही न सांगता तिला सगळं कळलं. हात न धुताच तिने माझ्या मांडीवरून सतार ओढून घेतली. मान खाली घालून तीच गत वाजवली, घोगरी, ठसक्यात, मास्तर मधे श्वास घ्यायला थांबत तिथे थांबून. आक्कांनी डोळ्याला पदर लावला. मग पदर तसाच धरून त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं.

गत संपली. मग आक्कांनी गवसणीची घडी घातली आणि पिशवीत परत टाकली. "उशीला अभ्रा होईल हिचा," म्हणाल्या.

दारात पायांत वहाणा सरकवताना त्यांनी आमच्या मंडळींचा हात धरला आणि माझ्याकडे हनुवटीने खूण केली.

"राहू दे इथंच. पण बाई, ह्याला तेवढं वाजवू देऊ नकोस."