सोजराबाईंचे चौतीस रोही

मी कालिंदी, हिंगोलीची. देवळाच्या पूजेअर्चेच्या घरात वाढले आणि पोटापाण्यासाठी रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, लेंड्या गोळा करते. आई शेजारणींना नुसतं "जंगलाच्या कामात आहे" एवढंच सांगते. हसा खुशाल! रोह्याला न पकडता, सुई न टोचता त्याला टीबी आहे की नाही हे ताज्या लेंडीवरून कळतं. प्रयोगशाळेत तिच्यातले जंतू शोधतात. या कामात मी स्वतःला फार शहाणी समजायचे. ती घमेंड कळमनुरीकडच्या एका तांड्यावरच्या सोजराबाईंनी उतरवली.

साठी ओलांडलेली बाई, दावणीला बावीस गायी आणि जीभ भलती तिखट. तांड्याजवळच्या तळ्यावर त्यांच्या गायी आणि माळावरचे रोही एकाच काठाने पाणी पितात. गेल्या हिवाळ्यात तिथे एक रोही टीबीने मेला. मी तीस नमुने पाठवले, त्यातल्या चोवीस नमुन्यांत जंतू निघाले. जंगल खात्याच्या साहेबांचा हुकूम आला, की कळपात रोग पसरलाय, दोन महिन्यांनी गुरांसाठी तळं बंद. दुसरं पाणी चार कोसांवर. म्हणजे गायी विकणं आलंच.

हुकूम सांगायला मीच गेले. सोजराबाई भडकल्या. "तू लेंड्या उचलल्या कुठून, ते दाखव आधी!"

मी तळ्याच्या बांधावरचा ढीग दाखवला. रोज सकाळी तिथे ताजा माल तयार, पायपीट नाही. त्या वाकल्या, जमीन निरखली आणि अशा हसल्या की चरणाऱ्या गायींनी माना वर केल्या.

"अगं माय! नर रोही रोज एकाच जागी हागतो, ठावं न्हाई व्हय तुला? हे खूर बघ. पुढचा डावा अर्धा तुटलेला. समदे ठसे त्याचेच. एका लंगड्याला तीस डाव तपासलं, अन् समदा कळप बदनाम करून राहिलीस!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागारागात म्हटलं, "मग कळपातले बाकीचे तुम्हीच दाखवा, मावशी."

"चल की! मी काहून भिऊ?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पळसाखाली बसायचं. सोजराबाईंना चौतीसच्या चौतीस रोही तोंडपाठ होते. ही कानफाटी, ती बुटकी, तो पांढऱ्या गळ्याचा. एखाद्याने लेंड्या टाकल्या की त्या जागेवरची नजर हलवायच्या नाहीत. कळप पुढे सरकला की हातमोजे घालून मी पळायचे आणि मागून शिव्या यायच्या, "उजवीकडं गं, आंधळे!" जंतू रोज पडतातच असं नाही, म्हणून प्रत्येकाचे तीन-तीन नमुने घेतले. डब्यांवर त्यांनी ठेवलेलीच नावं लिहिली. पाय फुटले माझे, पण एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर गेला नाही.

निकाल आला आणि मी फोनवर किंचाळलेच. "मावशी, तेहतीस निरोगी! फक्त तो लंगडा आजारी!"

"पुन्यांदा सांग."

पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा त्या रडत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

लंगड्याला पकडून वेगळ्या कुंपणात नेलं. तांड्याची गुरं तपासली, तीही निरोगी निघाली. मग तळ्याकाठी साहेबांची सभा भरली. साहेब म्हणाले, "आमच्या तज्ज्ञांनी बारकाईने तपासणी करून..." मी उठलेच. "साहेब, पहिली तपासणी माझी. ती साफ चुकली. ही दुसरी सोजराबाईंची आहे, तसंच लिहा." तांड्याने टाळ्यांचा असा कडकडाट केला की बस्स!

साहेब घाम पुसत म्हणाले, "ठीक आहे, लिहू. हुकूम मागे घ्यायची कारवाईही लवकरच..."

"ते करा सावकाश," सोजराबाई म्हणाल्या. "आधी खुर्च्या उचला. तुमी गायींच्या वाटंवर बसून राहिलात."

साहेबांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली. बावीस गायी मधूनच गेल्या आणि पाण्यात उतरल्या.