ठरवून हरायचं

नव्वदच्या दशकात आमच्या कोल्हापुरात ऑर्केस्ट्राला बरे दिवस होते. गणपती असो, जत्रा असो की कुठल्या पतसंस्थेचा वर्धापनदिन, ऑर्केस्ट्रा लागायचाच. अशा एका ऑर्केस्ट्रात मी ढोलकी वाजवायचो आणि प्रत्येक कार्यक्रमात न चुकता हरायचो. मालकांनी तसं बसवलंच होतं. मध्यंतरानंतर ढोलकी आणि ऑक्टोपॅडची, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची जुगलबंदी. ऑक्टोपॅडवाल्यानं वाजवायचं, मी उत्तर द्यायचं. चौथ्या फेरीला माझा हात अडखळायचा, मी कपाळाला हात लावायचा आणि ऑक्टोपॅडवाल्यानं काठ्या उंचावून टाळ्या घ्यायच्या. ऑक्टोपॅडवाला मालकांचा भाचा होता, हे वेगळं सांगायला नको.

शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर आमच्या तालमी चालत. गाणी बसवावीच लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण मालक उत्स्फूर्तपणाचीही तालीम घ्यायचे. निवेदकाचा गळा कुठल्या वाक्याला दाटून यायचा, गायिकेला हसू कुठं आवरायचं नाही, सगळं ठरलेलं. ‘वन्स मोअर’ ओरडायला त्यांचा मेहुणा. तो आमच्याच गाडीतनं यायचा आणि गुपचूप जाऊन लोकांत बसायचा. माझा कपाळावरचा हातसुद्धा मालकांनी पुन्हा पुन्हा करून घेतला. म्हणे, लोकांना पटला पाहिजे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हात माझे, ढोलकी माझी आणि चूक मात्र यांच्या मापाची!

ढोलकी मला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवली. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात ते भजनाला वाजवायचे, मराठी तसंच कन्नडही. समोरचा काय गातोय ते ऐकून हात टाकायचा, सगळं आधीच ठरवून येणाऱ्यानं घरी बसावं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांनी कधी ‘चांगलं वाजवलंस’ म्हटलं नाही. वाईट वाजवलं की मात्र लगेच कळायचं. माझा एकही कार्यक्रम त्यांनी बघितला नव्हता आणि बघू नये याची मी काळजी घेत होतो. अप्पांच्या डोळ्यांदेखत हरायचं, तेही खोटं खोटं, हे मला सोसलं नसतं.

मग एकदा गडहिंग्लजलाच कार्यक्रम ठरला. गावात बातमी पोचली आणि अप्पा पटका बांधून पहिल्या रांगेत येऊन बसले. मी पडद्यामागं मालकांना गाठलं. जिंकवू नका, पण आजच्या दिवस बरोबरीत सोडवा, एवढंच म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. आज वडील आले, उद्या मामा येईल, बसवलेलं मोडायचं नाही, असं सुनावून ते लाइटवाल्याकडं निघून गेले. भाच्यासाठी सगळं बसत होतं, माझ्या बापासाठी काही हलत नव्हतं.

जुगलबंदी सुरू झाली. चौथी फेरी आली. हात अडखळवायचा म्हणून मी मान वर केली, तर अप्पांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मग मला थांबताच येईना. त्यांच्या कन्नड भजनाचा ठेका मी धरला, दुप्पट केला आणि ऐन भरात हात उचलून घेतले. सगळा मांडव गप्प. त्या शांततेनंतर पुन्हा समेवर येऊन आदळलो. भाचा काठ्या धरून नुसता बघत राहिला. त्या बिचाऱ्याला शिकवलं होतं तेवढंच येत होतं. शिट्ट्या सुरू झाल्या आणि अप्पा उठून उभे राहिले. डोक्याचा पटका सोडला आणि वर उडवला. कुस्ती मारल्यावर उडवतात ना, तसा.

परतीच्या गाडीत मालक माझ्याकडं पाठ करून बसले. मी मनातल्या मनात नोकरी सोडूनही टाकली होती. पण पुढच्या तालमीला ते खुशीत होते.

“झकास झालं ते. आता हेच ठेवू.”

त्या दिवसापासून मी रोज जिंकू लागलो. तोच ठेका, तीच दुप्पट, तेवढीच शांतता. भाच्यानं काठ्या खाली टाकायच्या, हेही ठरलं. आणि वन्स मोअरवाल्या मेहुण्याला धोतर नेसवून, पटका बांधून पहिल्या रांगेत बसवलं. शांततेनंतर त्यानं उठायचं आणि पटका उडवायचा. मी भडकलो. पटका उडवणारा माझा बाप होता, असं ओरडलो. मालक शांतपणे म्हणाले, म्हणूनच तर लोकांना खरं वाटतं. एखाद्याच्या बापाची नक्कल करून टाळ्या घेताना माणसाला काहीच वाटू नये? घर त्याच कामावर चालत होतं, म्हणून मी दात-ओठ खात जिंकत राहिलो. पुढं अप्पा वारीला गेले असताना गडहिंग्लजलाही आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा केला, त्याच मैदानावर, त्याच लोकांपुढं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अप्पा कागलला एका पाहुण्यांकडं गेले होते आणि तिथंच आमचा कार्यक्रम होता. मला न सांगता ते मागं उभे राहून बघून गेले. सकाळी कोल्हापूरला माझ्या घरी आले, चहा घेतला.

“पटका उडवला, त्यो कोण हुता रं?”

मी खरं ते सांगितलं. मालकांनी ठेवलेला माणूस आहे, दर कार्यक्रमाला उडवतो, गडहिंग्लजलाही उडवला.

अप्पांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे त्या दिवशी मीबी ठेवलेलाच हुतो, असंच वाटत असणार की आता गावाला.”